जाळे कापणारा हात आणि पैसे देणारा हात



एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू या. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वेरावळ किंवा सूत्रापाड्यासमोरच्या समुद्रात एका होडीने रात्री जाळे टाकले आहे. पहाटे जाळे ओढू लागल्यावर तांडेलाच्या लक्षात येते की आज ते नेहमीसारखे हाताला येत नाही. पाण्यात होडीच्या लांबीचे, पांढऱ्या ठिपक्यांचे एक प्रचंड अंग जाळ्यात गुरफटले आहे. तो असतो व्हेल शार्क, जगातला सर्वांत मोठा मासा. मुशीच्या कुळातला असला तरी माणसाच्या वाटेला न जाणारा, पाण्यातले बारीक जीव गाळून खाणारा. आता तांडेलापुढे दोनच वाटा असतात. एक तर त्या माशाला मरू द्यायचे, नाही तर स्वतःचे जाळे स्वतःच्या हाताने कापायचे.

जाळे म्हणजे काय हे आपल्या किनारपट्टीवरच्या माणसाला सांगायला नको. अर्नाळ्यापासून उत्तनपर्यंत कुठल्याही कोळीवाड्यात विचारा. जाळे म्हणजे कर्ज, जाळे म्हणजे घरच्या बाईच्या गळ्यातले गहाण पडलेले सोने, जाळे म्हणजे मुलांची फी. ते आपल्याच कोयत्याने कापायला मन धजत नाही. तरीही गेल्या वीस वर्षांत गुजरातच्या मच्छीमारांनी हे शेकडो वेळा केले आहे. त्यांनी सोडून दिलेल्या व्हेल शार्कची संख्या सातशेच्या पलीकडे कधीच गेली आहे.

ही गोष्ट ऐकून आनंद होतो. पण तिच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे आणि आज आम्हाला तोच आपल्यापुढे ठेवायचा आहे. कापलेल्या जाळ्याची भरपाई सरकार देते. लोकांना समजावण्याच्या, शिकवण्याच्या आणि अभ्यासाच्या कामाला एका मोठ्या कंपनीचे पैसे आहेत. मग हे पुण्य नेमके कोणाचे? पैसे घेऊन केलेले चांगले काम चांगले राहते का? आणि चांगल्या कामासाठी कोणाचाही पैसा चालतो का?

आधी घडले काय ते थोडक्यात पाहू.

१९९० च्या दशकात याच किनाऱ्यावर दरवर्षी शेकडो व्हेल शार्क मारले जात. माशाला मोठा गळ आणि त्याला बांधलेली पिंपे अडकवून त्याला दमवायचे, म्हणून त्याचे नावच ‘बॅरल’ पडले होते. त्याच्या यकृताचे तेल होड्यांच्या लाकडाला पाणी लागू नये म्हणून चोपडले जाई. पुढे परदेशातून मांसाला मागणी आली आणि शिकार वाढली. माइक पांडे यांनी ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट काढून हे जगापुढे आणले. २००१ साली केंद्र सरकारने व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातले. वाघाला जे संरक्षण आहे ते प्रथमच एका माशाला मिळाले.

पण कायदा दिल्लीत झाला, मासा मात्र सौराष्ट्रात होता. मच्छीमारांना कायद्याची खबरही नव्हती, आणि ज्यांना होती त्यांना तो आपल्या पोटावर आलेला वाटत होता. २००४ साली वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया ही संस्था, गुजरातचे वनखाते आणि टाटा केमिकल्स ही कंपनी यांनी मिळून मोहीम सुरू केली. कंपनीचा मीठ आणि सोडा अॅशचा कारखाना तिथेच द्वारकेजवळ मिठापूरला समुद्राच्या काठी आहे. तिने पैशाचा भार उचलला. कथाकार मोरारी बापू या मोहिमेचे दूत झाले. त्यांनी गावोगावच्या लोकांना एकच गोष्ट सांगितली. हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे. माहेरी आलेल्या लेकीला कोणी मारते का? माशाचे नाव बदलले. ‘बॅरल’ची ‘व्हाली’ झाली. व्हाली म्हणजे लाडकी.

जाळे कापले तर वनखाते पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देऊ लागले. सुरुवातीला अडचण अशी होती की, मासा सोडल्याची खात्री करायला अधिकारी यावा लागे. तो येईपर्यंत मच्छीमाराचा खोळंबा आणि जाळ्यात अडकलेल्या माशाचे हाल. मग मच्छीमारांच्याच हाती पाण्यात चालणारे कॅमेरे देण्यात आले. त्यांनी सोडवतानाचे फोटो काढायचे आणि त्या फोटोंवर भरपाई मिळवायची. या एका बदलामुळे सुटकेला लागणारा वेळ पुष्कळ कमी झाला.

ही गोष्ट आम्हाला साऱ्या मोहिमेतली सर्वांत बोलकी वाटते. पैसा तोच होता, कायदा तोच होता. मच्छीमाराच्या शब्दावर विश्वास ठेवायचे ठरले, एवढाच फरक पडला. आपल्याकडे गरिबाला मदत देताना आधी तो खोटा आहे असे धरून चालतात आणि मग त्याला दहा कागद आणायला लावतात. इथे उलटे घडले आणि काम सोपे झाले.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ.

भरपाई मिळते म्हणून त्या तांडेलाचे पुण्य उणे होते का? काही जण म्हणतील, त्यात कसले आले औदार्य, त्याला तर जाळ्याचे पैसे मिळतात. हे बोलणे आपल्याला सोपे वाटते, कारण आपण काठावर उभे असतो. भरपाई जाळ्याची मिळते. त्या दिवशी जाळ्यात आलेली मासळी निसटली तिची नाही, जळालेल्या डिझेलची नाही, जाळे विणून होईपर्यंत घरी बसावे लागले त्या दिवसांची नाही. आणि पैसे येतात ते नंतर. कोयता चालवायचा असतो तो त्या क्षणी, अंधारात, हलत्या होडीत, खलाशांच्या तोंडाकडे पाहत.

दुसरे असे की, भरपाई आणि बक्षीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बक्षीस म्हणजे केलेल्या कामाबद्दल वर दिलेले. भरपाई म्हणजे त्याचे जे गेले ते त्याला परत. आपल्या सर्वांच्या भल्यासाठी एका माणसाने आपले नुकसान करून घेतले, तर ते नुकसान त्याच्या एकट्याच्या माथी राहू न देणे हा न्याय आहे, उपकार नव्हे. इस्पितळातल्या परिचारिकेला पगार मिळतो म्हणून ती रात्री जागून रुग्णाच्या उशाशी बसली ते खोटे ठरत नाही. पगार तिच्या वेळेचा असतो. तिच्या हातातल्या मायेची किंमत कोणी केलेली नसते.

मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिचे दान मोठे ठरले, कारण तिने आपल्या कमतरतेतून दिले. त्या मापाने मोजले तर या मोहिमेतला सर्वांत मोठा देणगीदार कोण, हे सांगायला नको. पण त्या गोष्टीचा आपण कधी कधी सोयीस्कर अर्थ काढतो. विधवेचे कौतुक करतो आणि तिच्याकडे दोनच दमड्या का उरल्या हे विचारत नाही. गरिबाच्या त्यागाचे गोडवे गाऊन त्याला गरीबच ठेवणे हे पुण्याचे काम नाही.

आता देणाऱ्या हाताकडे वळू. इथे आम्हाला एका धर्मगुरूंची आठवण होते.

फादर थॉमस कोचेरी हे रिडेम्प्टरिस्ट संघाचे केरळी धर्मगुरू. वकिलीचे शिक्षण घेतलेले. तिरुवनंतपुरमजवळच्या मच्छीमार वस्त्यांत ते लोकांमध्ये राहिले. यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यालगतचा समुद्र खरवडून नेत होते, तेव्हा छोट्या मच्छीमारांना संघटित करण्यात ते आघाडीवर होते. पावसाळ्यात, माशांच्या विणीच्या काळात ट्रॉलर बंद ठेवावेत ही त्यांची मागणी केरळ सरकारने १९८८ साली मान्य केली. १९८९ साली राष्ट्रीय मच्छीमार संघटनेने पाणी वाचवा, जीवन वाचवा असा नारा देत देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवरून कन्याकुमारीपर्यंत यात्रा नेली, तिच्या नेत्यांत ते होते. पुढे १९९१ च्या धोरणाने परदेशी भागीदारीतल्या मोठ्या जहाजांना आपल्या समुद्रात परवाने मिळू लागले. त्याविरुद्ध उपोषणे झाली, बंद झाले, आणि सरकारनेच नेमलेल्या मुरारी समितीने १९९६ साली ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली. २०१४ साली फादर कोचेरी देवाघरी गेले.

याच फादर कोचेरींना सागरी संरक्षणासाठी दिली जाणारी अमेरिकेतली प्यू फेलोशिप देऊ करण्यात आली होती. रक्कम दीड लाख डॉलर. मच्छीमारांच्या चळवळीला एवढ्या पैशाने किती हातभार लागला असता! पण त्यांनी ती नाकारली. पैसा ज्या घराण्याच्या न्यासातून येत होता, ते घराणे सन ऑइल या तेलकंपनीचे संस्थापक होते. ज्या व्यवस्थेविरुद्ध आपण लढतो तिच्याच तिजोरीतला पैसा घेऊन लढायचे कसे, हा त्यांचा विचार होता.

म्हणजे एकीकडे कंपनीचा पैसा घेऊन वाचलेले शेकडो मासे आणि बदललेली गावे, तर दुसरीकडे कंपनीचा पैसा परत पाठवणारा संन्यासी. दोघांचाही हेतू समुद्र आणि समुद्रावर जगणारी माणसे हाच. मग बरोबर कोण?

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. आमच्या मते दोघांनाही एकाच तराजूत घालणे चुकीचे आहे. फादर कोचेरी ही लढणाऱ्या लोकांची वाणी होती. वाणीने मीठ खाल्ले की तिची धार जाते. उद्या एखाद्या तेलकंपनीने समुद्र नासवला असता तर त्यांना मोकळेपणाने बोलता आले पाहिजे होते. तो मोकळेपणा हेच त्यांचे भांडवल होते आणि ते दीड लाख डॉलरपेक्षा मोलाचे होते. गुजरातेतले काम वेगळ्या जातीचे. तिथे कोणाविरुद्ध बोलायचे नव्हते, एका जिवाला वाचवायला लोकांची मने वळवायची होती. त्यासाठी माणसे, होड्या, कॅमेरे आणि अनेक वर्षे लागणार होती. पैसा नसता तर २००१ चा कायदा कागदावरच राहिला असता.

तेव्हा ‘कंपनीचा पैसा घ्यावा की न घ्यावा’ हा प्रश्न तसाच विचारला तर उत्तर सापडणार नाही. तो जरा वेगळा करून विचारावा लागेल. आमच्यापुरत्या आम्ही तीन कसोट्या ठरवल्या आहेत.

पहिली कसोटी अशी. या पैशाबरोबर आपले मौन विकत घेतले जाते का? देणगी घेतल्यावर त्याच देणगीदाराच्या कारखान्याच्या सांडपाण्याविषयी, बंदराविषयी, धुराविषयी विचारण्याचा आपला हक्क शाबूत राहतो का? राहत असेल तर ती देणगी. नसेल तर तो सौदा.

दुसरी कसोटी. ज्याचे जाळे कापले जाणार त्याला निर्णयात जागा आहे का? काय वाचवायचे, कसे वाचवायचे, हे वातानुकूलित खोलीत ठरते आणि मच्छीमाराला फक्त फोटोसाठी बोलावले जाते, असे असेल तर त्या कामाला ‘लोकसहभाग’ म्हणू नये. समुद्र कुठे खोल आणि कुठे उथळ, कोणता मासा कोणत्या महिन्यात येतो, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्याकडे आहे तो या कामात भागीदार असला पाहिजे, मजूर नव्हे.

तिसरी कसोटी सर्वांत अवघड. देणारा आधी आपले स्वतःचे अंगण झाडतो का? २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. २०१४ पासून ते लागू आहे. त्यातून पुष्कळ चांगली कामे उभी राहिली, हे मान्य केले पाहिजे. पण दोन टक्के कसे दिले याचा अहवाल छापला जातो, तेव्हा उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळवले हेही विचारायला हवे. एका हाताने कांदळवन तोडायचे आणि दुसऱ्या हाताने रोपे लावून पाटी ठोकायची, याला दान म्हणता येणार नाही. नुकसान न करणे हे कर्तव्य आहे. दान त्याच्या पुढचे पाऊल. पहिले पाऊल गाळून दुसरे टाकता येत नाही.

दिवंगत परमगुरू पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावा असे सुचवले होते. आमच्या तिन्ही कसोट्यांचे सार त्यात आले. मासा वाचला पण मच्छीमार देशोधडीला लागला, तर ते संरक्षण अपुरे. आणि आज मच्छीमाराचे पोट भरले पण उद्या समुद्रात मासाच राहिला नाही, तर ती दयाही अपुरी.

हे सारे गुजरातचे आणि केरळचे झाले. आपल्या किनाऱ्याचे काय?

आपल्या राज्यातही २०१८ च्या अखेरीस अशी योजना आली आहे. कासव, व्हेल शार्क यांसारखे संरक्षित जीव जाळ्यातून सोडताना जाळे फाटले तर वनखात्याच्या कांदळवन कक्षामार्फत पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते. म्हणजे वेरावळच्या तांडेलापुढचा प्रसंग उद्या पाचूबंदरच्या किंवा अर्नाळ्याच्या तांडेलापुढेही येऊ शकतो. ही माहिती आपल्या कोळीवाड्यांतल्या किती घरांपर्यंत पोहोचली आहे, याची चौकशी आपण करायला हरकत नाही.

आणि त्याच वेळी पालघर जिल्ह्यात वाढवणच्या समुद्रात सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मच्छीमारांचा विरोध वर्षानुवर्षे चालू होता. बंदर हवे की नको या वादात आज आम्ही शिरत नाही. पण एका माशासाठी जाळे काप असे ज्या माणसाला आपण सांगतो, त्याच माणसाची मासेमारीची जागा जाते म्हणून तो ओरडतो, तेव्हा त्याचे ऐकून घेण्याचे सौजन्य तरी आपल्यापाशी हवे. त्याग नेहमी एकाच बाजूने मागितला तर लोकांचा त्यागावरचा विश्वासच उडतो.

मात्र कंपन्यांना आणि सरकारला प्रश्न विचारताना आपण स्वतः सुटतो असे नाही. मच्छीमार सोडा, आपण खाणारे काय करतो? २०२३ साली पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर झाला. तो कमी होत चालला आहे हे सातपाटीचे मच्छीमार कित्येक वर्षे सांगत होते. तरीही बाजारात तळहाताएवढे पापलेट दिसले की आपण टोपलीपाशी थांबतो, भाव करतो आणि स्वस्तात मिळाले म्हणून खूश होऊन घरी येतो. ते पिल्लू वाढले असते, त्याने अंडी घातली असती, हा विचार मनात येत नाही. जाळ्याचा बारीक आस तांडेलाचा, पण त्या बारीक माशाला गिऱ्हाईक आपणच. आणि ओहोळातून, खाडीतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या कुठल्या कंपनीने आपल्या घरात आणून टाकलेल्या नसतात.

शिवाय आपल्या सणाच्या मांडवाकडेही एकदा पाहू या. सणाला कोणा बिल्डरचा, कोणा कंपनीचा फलक लागतो. मंडळाला पैसे मिळतात, रोषणाई होते, बॅन्ड येतो. ते पैसे घेताना त्या देणगीदाराने गावाच्या तळ्याचे किंवा बावखलाचे काय केले, हे आपण विचारतो का? आम्हीही विचारलेले नाही. वर्गणीची वही भरली की समाधान मानणाऱ्यांत आम्हीही होतो. म्हणून वरच्या तीन कसोट्या लिहिताना त्या आधी आमच्याच अंगाला लागल्या. दुसऱ्याच्या पैशाची शुद्धता तपासण्याचा अधिकार, स्वतःच्या पेटीत काय पडते हे पाहणाऱ्यालाच असतो.

मग मूळ प्रश्नाचे उत्तर काय? ते पुण्य कोणाचे?

आम्हाला वाटते, ज्याने जाळे कापले त्याचे ते आधी. ज्याने त्याचे नुकसान एकट्याच्या माथी राहू दिले नाही त्याचे त्यानंतर, पण तेही त्याचे स्वतःचे हात स्वच्छ असतील तर. आणि ज्याने त्या माशाला ‘लाडकी’ हे नाव दिले, तोही त्यात वाटेकरी. पैशाने जाळे पुन्हा विणता येते, पण कोयता उचलायला जी माया लागते ती कुठल्याही निधीतून येत नाही. ती आपल्या घरांतून, आपल्या बोलण्यातून, मुलांना आपण सांगतो त्या गोष्टींतून यावी लागते.

येत्या आठवड्यात समूहाच्या बैठकीत या विषयावर बोलावे अशी विनंती आहे. कोळीवाड्यातल्या एखाद्या जाणत्या तांडेलाला मुद्दाम बोलवावे आणि बाकीच्यांनी आधी ऐकावे. संरक्षित जीव जाळ्यात आला तर काय करायचे, भरपाईचा अर्ज कुठे द्यायचा, हे एकाने विचारून सर्वांना सांगावे. आणि पुढच्या वेळी बाजारात गेल्यावर तळहाताएवढे पापलेट टोपलीतच राहू द्यावे. कोळणीला कारणही सांगावे. ती रागावणार नाही. तिच्या घरच्यांनाच ते सर्वांत आधी ठाऊक आहे.